आठवी ओळ

(बाइंडिंगचं दुकान. टेबलावर भिजवलेल्या पुठ्ठ्याचे थर.)

मुलगी : हात लावू नका बाबा! ओलं आहे अजून.

बाबा : अगं, उद्या सिनेगॉगमध्ये शेवटचं गायचंय मला, परवापासून दुसरा गाणारा येणार, आणि तू माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकाची चामडी सोलून ठेवलीस?

मुलगी : कव्हर सुटलं म्हणून तुम्हीच दिलंत ना? जुना पुठ्ठा भिजवला, तर आतून हे निघालं. बघा तरी!

बाबा : रद्दी असणार. पूर्वी पुठ्ठा जाड करायला फाटकी पानं चिकटवायचे.

मुलगी : पण कुठली पानं? हिब्रू आहे. आपलं चमत्कारांचं गाणं! आणि ही पट्टी आठव्या अक्षरानं सुरू होते.

बाबा : पोरी, थट्टा करू नकोस.

मुलगी : तुमची शपथ!

बाबा : आठवी ओळ? अगं, एकेका अक्षराची एकेक ओळ. सातवीत समुद्र दुभंगतो, नववीत खडकातून पाणी, आणि मधली आठवी हरवलेली, म्हणून तिथे सगळे एक श्वास गप्प! माझ्या आजोबांपासून. किती गावांना पत्रं धाडली मी, किती म्हाताऱ्यांचं डोकं खाल्लं...

मुलगी : आणि ओळ चाळीस वर्षं तुमच्याच हातात. काखेत कळसा नि गावाला वळसा!

बाबा : हसतेस काय, वाच ना लवकर!

मुलगी : "तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही, तरी तू ऐकलंस."

बाबा : अरे देवा! ती गं, आपल्या शास्त्रातली, देवळात मूल मागणारी! मनातल्या मनात मागत होती, आणि पुजाऱ्याला वाटलं प्यायलीय. अरे देवा, अरे देवा!

मुलगी : उद्या गाणार ना?

बाबा : गाणार म्हणजे? छप्पर उडवतो की नाही बघ! फक्त... आज तुझी आई हवी होती गं.

मुलगी : का हो?

बाबा : लग्नानंतर अकरा वर्षं, त्या गप्प श्वासात मी वर बायकांच्या सज्जाकडे बघायचो. तिचे ओठ हलत असायचे. काय मागतेस, म्हणून कधी विचारलं नाही. बाराव्या वर्षी तू झालीस.

मुलगी : बाबा...

बाबा : रडू नकोस, कागद भिजेल.

मुलगी : भिजलेलाच आहे तो. मग आता ओळ मिळाली, म्हणजे उद्यापासून गप्प थांबायचं नाही?

बाबा : थांबायचं. आधी एक श्वास, मग ओळ. कुणाचं तरी मागायचं राहिलं असेल.