दहावा माणूस

लसीकरण केंद्र बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. बाकावर आम्ही आठजण ताटकळत होतो. तेवढ्यात पक्षाचा कार्यकर्ता म्हाताऱ्या आईला घेऊन आला.

"सिस्टर, आईला आधी टोचा. तिला बसवत नाही."

"दादा, एक कुपी फोडली की दहाजणांना पुरते. आता फोडली तर उरलेली वाया जाईल. तुमच्या आई नवव्या. अजून एक आला की लगेच टोचते."

"मग बोलवा की कुणाला तरी!"

माझ्या शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी उसळल्या.

"कुणाला बोलवायचं? गाडीवर भोंगा लावून तुम्हीच ओरडत होतात ना, लस म्हणजे सरकारी विष म्हणून? आमची अख्खी गल्ली दारं लावून बसलीय."

"तो वरचा आदेश होता, मावशी. राजकारण वेगळं, घर वेगळं."

"वा रे वा! आमच्या घरी विष आणि तुमच्या घरी औषध!"

"हळू बोला, आई ऐकतेय."

"ऐकू दे की. सिस्टर, दहावे हेच. चला, बाही वर करा."

"मला नको."

"जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा. आईसाठी घ्या."

"तसं नाही हो, मावशी..."

"अहो बाई, त्याला कशाला पुन्हा?" म्हातारी म्हणाली. "त्याचे दोन्ही डोस कधीच झालेत. साहेबांच्या बंगल्यावर."