जावयाचं नाक आणि गॅसची पाइपलाइन

हसा, हसा तुम्ही, तुम्हाला हसायला काय जातंय, तुमची नाकं चालू आहेत... माझं बंद आहे! म्हणजे दिसायला आहे, चष्मा ठेवायला उपयोगी पडतं, पण वास म्हणून जो काही प्रकार असतो ना, तो मागच्या त्या मोठ्या सर्दीत गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, घरातही मोजे घाला, येईल हळूहळू. अहो, हळूहळू म्हणजे कधी? आणि नेमकं अशा वेळी आमच्या इमारतीतल्या समस्त मंडळींनी ठरवलं, की आता सिलिंडर नको, घरोघर पाइपातून गॅस घ्यायचा. आता सिलिंडर कसा, डोळ्यांसमोर असतो, घाबरायचं तर कुणाला घाबरायचं हे तरी कळतं. हा गॅस भिंतीतून येणार, दिवसरात्र येणार, कधी संपणारच नाही म्हणे! आणि हे सगळे आनंदाने सांगत होते हो. मला तिथेच घाम फुटला.

फिटर आला. माणूस चांगला, उगाच नावं ठेवायची नाहीत, पण त्याला शीळ वाजवायची सवय. आता तुम्हीच सांगा, स्वयंपाकघराच्या भिंतीला आरपार भोक पाडताना माणसाला शीळ सुचते कशी? मी त्याच्या मागे उभा, जीव मुठीत धरून. पाइप आत आला, मीटर बसलं, कॉक बसला, इथे जोड, तिथे जोड, वळणावर आणखी एक जोड... मी हळूच विचारलं, दादा, यातून गळायला लागलं तर? म्हणाला, काही होत नाही साहेब. मी म्हटलं, पण समजा झालंच? तर त्याने शीळ थांबवली आणि अगदी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘झालंच, तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही.’’ याला काय धीर देणं म्हणतात?

पुढे ऐका. म्हणाला, गॅसला स्वतःचा वास नसतोच, माणसांना कळावं म्हणून मुद्दाम घाणेरडा वास मिसळतात. वास आला की कॉक बंद करा, खिडक्या उघडा, कुठल्याही बटणाला हात लावू नका, सगळे बाहेर पडा आणि बाहेरूनच मला फोन करा. वास आला की! म्हणजे सगळी भिस्त नाकावर, आणि दिवसभर स्वयंपाकघरात वावरणारा माणूस कोण, तर मी. मग त्याने जोड तपासायला साबणाचं पाणी केलं आणि ते ब्रशने प्रत्येक जोडाला लावलं. बुडबुडा आला तर गळतंय, नाही आला तर खुशाल झोपा. बुडबुडा नाही आला. ब्रश मात्र माझा दाढीचा होता. बायकोने काढून दिला, मला न विचारता.

खुशाल झोपा म्हणे. झोप कुठली? त्या दिवसापासून माझं एकच चालू, वास येतोय का? बायको कामावरून आली, अजून चपला पायात आहेत, वास येतोय का? ती म्हणणार, नाही. लेक कानात ती गाण्याची बोंडकं घालून बसलेली, तिला तर ऐकूही येत नाही, नुसते माझे ओठ हलताना दिसले की म्हणते, नाही बाबा. आणि आमच्या सासूबाई... त्या आमच्याकडेच असतात. आता सासूबाई म्हटल्यावर तुम्ही लगेच हसायला तयार, पण नाही, फार सज्जन बाई. इतक्या वर्षांत जावयाला एक दुखावणारा शब्द नाही. त्यांना विचारलं, वास येतोय का, की पोथी वाचावी तशा शांतपणे म्हणणार, ‘‘नाही हो, जावईबापू.’’ तुम्हाला सांगतो, त्या एका वाक्यावर मला जरा डोळा लागायचा.

तर परवा सुटीचा दिवस. ह्या तिघी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर, आणि मी स्वयंपाकघरात एकटा त्या पाइपाकडे बघत. बघता बघता वाटलं, आज जोड तपासूनच टाकू. पण साबणाचं पाणी कोण कालवत बसणार? माझ्याकडे तो दाढीच्या फेसाचा डबा होता, वरून दाबला की फस्सकन फेस येतो तो, कारण ब्रशचं काय झालं ते सांगितलंच. मी म्हटलं, साबण तो साबण! लावला फेस. पहिल्या जोडाला, वळणावरच्या जोडाला, मीटरला, कॉकला, शेगडीच्या बटणांना... आणि वाकून बघतो तर काय, बुडबुडे! एका जोडाला असते तर ठीक, सगळ्या जोडांना! अख्खा पाइप गळतोय हो! कॉक बंद करायला हात पुढे केला, तर कॉकलाच सगळ्यांत जास्त बुडबुडे. माझा हातच पुढे जाईना. डोक्यात एकच, बाहेर तिघी बसल्यात.

तसाच धावलो, जिन्यात गेलो, फिटरला फोन केला. तो जवळच कुठेतरी होता, म्हणाला आलोच. परत आत येऊन मी तिघींना म्हटलं, उठा, खाली चला, सगळं गळतंय! तर बायको म्हणाली, वास कुठे येतोय? आणि आत डोकावून पहिलं काय बोलली असेल? शेगडीला काय फासलंय हे, फिटर येतोय ना, आधी ते पुसा, लोक काय म्हणतील. आता मरायचं तर मरायचं, पण ओटा स्वच्छ ठेवून! आणि मीही असा, की पुसला. फडका घेऊन फराफरा सगळं पुसलं, जोड पुसले, बटणं पुसली. मग बाहेर येऊन पुन्हा विचारलं, वास येतोय का? बायको, नाही. लेक, नाही. सासूबाईंनी मात्र जरा वेळ घेतला. माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि म्हणाल्या, ‘‘नाही हो, जावईबापू.’’ मी सुटकेचा श्वास सोडला. तोही वासाशिवायच.

तेवढ्यात शीळ ऐकू आली. फिटर दारात. मी घाईघाईने त्याला फेसाचं सगळं सांगितलं, तसा तो चौकटीला धरून हसायलाच लागला. अहो साहेब, दाढीचा फेस म्हणजे नुसते बुडबुडेच, भिंतीला लावला असतात तरी आले असते! बायको हसली, लेक हसली, मीसुद्धा हसलो... आणि एकदम तो हसायचा थांबला. नाक वर केलं. अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘‘वास येतोय.’’

पुढचं मला नीट आठवत नाही. तो आत धावला, त्याने कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, कुणी बटणाला हात लावू नका म्हणाला आणि आम्हाला जिन्यावरून खाली हाकललं. जोड सगळे ठणठणीत होते. आमची शेगडी जुनी, बटणं सैल, माझ्या फडक्याने त्यातलं एक फिरलं होतं. गॅस भसाभसा बाहेर, आणि मी शेजारी उभा राहून विचारतोय, वास येतोय का!

खाली उभं राहून मी विचारलं, अहो, पण तुम्हाला तिघींना वास आला नाही? बायको म्हणाली, काहीतरी येत होतं, पण तुम्ही इतक्यांदा विचारता की आता तोंडातून आपोआप ‘नाही’च निघतं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही काय विचारलं होतं? आणि सासूबाई... त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. बराच वेळ. मग अगदी संकोचून म्हणाल्या, ‘‘मला येत होता हो. चांगलाच येत होता. पण मला वाटलं, तुमचे मोजे असतील. जावयाला तोंडावर कसं सांगायचं?’’

मी तिथेच पायरीवर बसलो. चार माणसं, एक घर, आणि सगळं जाणार होतं ते माझ्या मोज्यांच्या भिडेपायी. मी म्हटलं, सासूबाई, इथून पुढे मला वाट्टेल ते बोला, पण बोला. त्या म्हणाल्या, बरं, जावईबापू. पण तोंड बघून कळत होतं, नाही बोलणार.

मग फिटरने गॅस ओळखणारं एक यंत्र लावून दिलं. छान यंत्र आहे. पण कांदा परतला तरी बोंबलतं, म्हणून बायकोने त्याची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटला घातली. पुन्हा आपला मी, आणि माझं हे नाक. आता इथे तुमच्यासमोर उभा आहे, ह्या भिंतीमागेही चहाची शेगडी आहे असं ऐकतो... म्हणून अगदी मनापासून विचारतो, भीड नको, मोजे आजच धुतलेत, खरं सांगा, वास येतोय का?

...नाही?

सगळेच नाही? राहू द्या. तुम्हीही सासूबाईंसारखेच सज्जन दिसता.