बाबांचं अर्धं औषध मी प्यायलो

...बरं, कुठे दुखत असतं तर मी समजू शकलो असतो हो, पण तुम्हाला सांगतो, बाबांचं एकच पालुपद, "दुखत नाही ना? मग झालं." शौचाच्या तपासणीत रक्ताचा अंश निघालाय, डोळ्यांना न दिसणारा, आणि हा माणूस निवांत पेपरातलं कोडं सोडवतोय! डॉक्टरबाई म्हणाल्या, मोठ्या आतड्यात पॉलिप असू शकेल, म्हणजे आतल्या अस्तरावर आलेला मांसाचा कोंब. कॅन्सर? नाही. मग काढायचा कशाला? पुढेमागे होऊ शकतो म्हणून. सगळ्यांचाच होतो? नाही. मग कुणाचा? ते काढून तपासल्यावर कळतं... मी शिकलासवरलेला माणूस, पण घाबरायचं की नाही तेच कळेना. बाबा म्हणाले, "दुखत नाही हो." बाई म्हणाल्या, "म्हणूनच तर दुर्बिणीनं बघायचं."

दुर्बिणीआधी पोट साफ करायचं औषध, चांगलं मोठं भांडंभर कालवलेलं. बाबांनी एक घोट घेतला आणि भांडं लांब सारलं. झालं, माझ्यातला कार्यकर्ता जागा! म्हटलं, बाबा, तुम्ही एकटे नाही, पेल्याला पेला मी पितो. आणि प्यायलो की... त्याच भांड्यातलं. घरात संडास एक. आई दारावर थाप मारून विचारायची, "आत कोण?" आणि दर वेळी मीच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई कपाळाला आठ्या घालून बाहेर आल्या. आतडं साफच नाही, म्हणे, औषध सगळं घेतलं होतं ना? आतून बाबा गुंगीतच म्हणाले, "अर्धं मुलानं घेतलं. गुणी आहे." म्हणजे बघा, ज्याचं तपासायचं त्याचं भरलेलं, आणि ज्याला कुणी विचारत नाही त्याचं आरशासारखं लख्ख!

आठवड्यानं पुन्हा तेच. या खेपेला आई भांड्यावर पहारा देत बसली, बाबांवर नव्हे, माझ्यावर. पॉलिप सापडला, वाटाण्याएवढा. तारेच्या फासानं तिथल्या तिथे काढला, बाबांना पत्ताही नाही. अहवाल आला, कॅन्सर नाही, पण ठेवला असता तर होऊ शकला असता, अशा जातीचा. मी तो कागद तीनदा वाचला. न दुखणारं काहीतरी, न झालेल्या आजारासाठी काढलं, आणि डोळे माझे भरून आले... का, ते अजून कळलेलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन वर्षांनी परत या.

"येईन," बाबा म्हणाले, "हा सोबत प्यायला बसला तर."

म्हटलं, बाबा, मला कशाला आता?

"तुझं काही दुखतं का त्यानं? नाही ना? मग झालं."