चीफची जखम

सिरोंका : नाव मीच ठेवलंय त्याचं, डॉक्टरीणबाई. दिवसभर सावलीत लोळतो, दुसऱ्याच्या गाई खातो आणि उठला की सगळ्यांनी बाजूला व्हायचं. म्हणून चीफ. आमच्या गावचा खरा चीफ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

डॉ. चेबेत : सिरोंका, फोन तिपापेंना द्या.

सिरोंका : द्यायचा कशाला, मधेच ठेवलाय. त्यालाही ऐकू येतंय, मलाही. सिंहालासुद्धा येत असेल.

(मसाई मुलूख. कोरड्या नाल्याच्या काठावर, बाभळीखाली एक मोठा नर सिंह आडवा पडलाय. थोड्या अंतरावर उघडी जीप. आत सिंहांवर नजर ठेवायची नोकरी करणारा तिपापे, आणि नोकरी नसताना रोज त्याच्याबरोबर फिरून गाडी चालवणारा सिरोंका. फोनच्या स्पीकरवर जनावरांच्या डॉक्टर चेबेत.)

तिपापे : पाशे, जरा गप्प बस. मॅडम, मी बोलतोय. मागचा उजवा पाय. मांडीवर, गुडघ्याच्या वर. सुळे घुसल्याची भोकं आहेत. नदीपलीकडच्या त्या तीन जवान नरांपैकी कुणाचं तरी काम.

डॉ. चेबेत : ताजी आहे?

तिपापे : नाही. मागे मारामारी झाली तेव्हाची. कडा सुकल्यात. सूज होती ती उतरलीय.

डॉ. चेबेत : पू? वास?

तिपापे : वारा आमच्याकडेच येतोय. वास नाही.

सिरोंका : वास आहे, पण तो तिपापेच्या पायाचा आहे.

डॉ. चेबेत : जखमेवर माशा बसतायत?

तिपापे : जखमेवर नाही बसत.

डॉ. चेबेत : मग कुठे बसतायत?

तिपापे : नाकावर. डोळ्यांच्या कोपऱ्यात. बऱ्याच आहेत.

डॉ. चेबेत : हाकलत नाही?

तिपापे : नाही.

सिरोंका : चीफ माणूस आहे. माशा हाकलायला माणसं ठेवली असतील.

तिपापे : मॅडम, कालपासून हा इथून हललेला नाही. सिंहिणींनी नाल्याच्या पलीकडे झेब्रा मारलाय. सगळ्यांनी खाल्लं, पिल्लांनी खाल्लं, हा गेलाच नाही. तुम्ही आज याल का? बेशुद्ध करा, जखम धुवा, ते लांब सुईचं औषध द्या. हा पायाने गेला तर सबचीफ एकटा पडतो.

डॉ. चेबेत : सबचीफ कोण?

सिरोंका : धाकटा भाऊ. त्याचंही बारसं मीच केलं.

तिपापे : दोघं आहेत म्हणून ते तिघं नदी ओलांडत नाहीत. एकटा राहिला की ओलांडतील. मग पहिल्यांदा पिल्लं मारतील. पाच आहेत, मॅडम. दूध पितात अजून.

डॉ. चेबेत : मला माहितीये ते. पण सिंहाला भूल देणं म्हणजे खेळ नाही, आधीच खंगलेला असेल तर उठायचा नाही. जरा जवळ घ्या गाडी. तो काय करतो ते सांगा.

तिपापे : घेतली.

डॉ. चेबेत : बघितलं तुमच्याकडे?

तिपापे : नाही.

सिरोंका : रुसलाय. माझी कालवड खाल्ली तेव्हा चार शब्द सुनावले होते मी त्याला. पोरं भाले घेऊन निघाली होती, मी आडवा पडलो. म्हटलं, गाय माझी, सिंह माझा, तुमचं काय गेलं? तेव्हा हा त्या टेकाडावर बसून ऐकत होता. आता बघा, ओळख नाही दाखवत.

तिपापे : सबचीफ आलाय. त्याच्याशेजारी बसला. चाटतोय त्याला.

सिरोंका : प्रेम बघा. माझ्या भावाने मला कधी ताक विचारलं नाही.

डॉ. चेबेत : जखम चाटतोय?

तिपापे : आधी जखम चाटायचा. आता तोंड चाटतोय. नाक.

डॉ. चेबेत : तिपापे, दुर्बीण लावा. चीफच्या चेहऱ्यावर. कान सांगा मला.

तिपापे : डावा पडलेला आहे. उजवा हलतोय.

डॉ. चेबेत : आवाजाच्या दिशेने?

तिपापे : नाही. नुसता उडतोय. थांबतो, परत उडतो.

डॉ. चेबेत : आणि ओठ?

तिपापे : ओठपण. त्याच बाजूचा. कानाबरोबरच. आणि डोळ्याची पापणी.

डॉ. चेबेत : माशांमुळे असेल का? नीट बघा.

तिपापे : माशा दोन्ही बाजूंना आहेत, मॅडम. उडतंय ते एकाच बाजूला.

सिरोंका : दे इकडे दुर्बीण. अरे, हा तर डोळा मारतोय. आमच्या आस्करीसारखा.

डॉ. चेबेत : आस्करी कोण?

सिरोंका : माझी कुत्री. हुबेहूब असाच डोळा मारते. पाहुणा आला की मी म्हणतो, बघा, आवडलात तुम्ही तिला. त्या दिवशी मिशनचे पाद्री आले होते, त्यांनाही मारला. तिपापे होता की तिथे. हसून हसून चहा सांडला याने.

तिपापे : हो. हसलो होतो.

डॉ. चेबेत : कधीपासून मारते?

सिरोंका : झाले असतील दोन-अडीच महिने. पावसाच्या आधीपासून.

डॉ. चेबेत : त्याआधी आजारी होती?

सिरोंका : आजारी कसली. नाक गळत होतं. जरा खोकली. खायची नाही. मग झाली बरी, उलट आणखी गंमतशीर झाली.

डॉ. चेबेत : तिला पिल्लं होती तेव्हा?

सिरोंका : सात. एकसे एक. सात घरांत वाटली. त्यात एक पेच झालाय बघा. मी तिपापेला कालवड दिली, म्हणून तो मला पाशे म्हणतो आणि मी त्याला. बैल दिला असता तर पाकितेंग म्हणालो असतो. ज्याला जे जनावर दिलं, त्याची ती हाक. पण कुत्र्याचं पिल्लू दिलं तर काय हाक मारायची, हे म्हाताऱ्यांनी ठरवूनच ठेवलं नाही. आता सात घरची माणसं मला बघितलं की नुसती खाकरतात.

डॉ. चेबेत : ती पिल्लं आता कशी आहेत?

सिरोंका : मजेत.

तिपापे : पाशे.

सिरोंका : काही गेली. पिल्लं आहेत, जातात.

डॉ. चेबेत : किती गेली?

सिरोंका : लेरियोनकाकडचं गेलं. विहिरीजवळच्या म्हातारीकडचं गेलं. एक हरवलं म्हणतात, म्हणजे गेलंच असेल. बाकीची मी विचारली नाहीत.

डॉ. चेबेत : सिरोंका, चीफने खाल्लेली ती तुमची कालवड. उरलेलं तुम्ही काय केलंत?

सिरोंका : काय करणार? कातडं काढलं. बाकीचं राहिलं तिथेच.

डॉ. चेबेत : कुत्री गेली होती तिकडे?

सिरोंका : माझी कुत्री बांधलेली असतात.

तिपापे : आपल्याकडे कुत्री कोण बांधतं?

सिरोंका : मी बांधतो.

तिपापे : दोरी दाखव मला तुझ्या घरात. गाय बांधायची सोडून दुसरी.

सिरोंका : डॉक्टरीणबाई पायाचं विचारत होत्या. कुत्र्यांवर कुठून आलो आपण?

डॉ. चेबेत : सिरोंका, मी तुम्हाला दोष देत नाहीये. मला फक्त कळायला हवं.

सिरोंका : दिवसा कुत्र्यांनी खाल्लं. अंधार पडला की चीफ यायचा. सबचीफही. सकाळी परत कुत्री. मी लोकांना सांगत होतो, पाळ्या लावल्यात, सरकारी दवाखान्यासारख्या.

डॉ. चेबेत : बरं.

तिपापे : मॅडम, चीफ उठला.

डॉ. चेबेत : पायावर भार देतोय?

तिपापे : देतोय. नीट देतोय. पाय चांगला आहे. पण मागचा भाग डोलतोय, दारू प्यायल्यासारखा. इकडेच येतोय.

डॉ. चेबेत : गाडी मागे घ्या.

तिपापे : घेता येत नाही, मागे खड्डा आहे. मॅडम, तो आमच्याकडे बघत नाहीये.

सिरोंका : मग कुणाकडे बघतोय?

तिपापे : कुणाकडेच नाही. हलू नकोस. पाय आत घे.

सिरोंका : घेतला.

तिपापे : बंपरला डोकं आपटलं त्याने. तसाच उभा आहे. पुढे जायला बघतोय. मधे गाडी आहे हे त्याला कळतच नाही.

सिरोंका : जबडा बघ. चावतोय काहीतरी. तोंडात काही नाही आणि चावतोय. फेस येतोय.

डॉ. चेबेत : बोलू नका थोडा वेळ. दोघंही.

तिपापे : वळला. बाजूने गेला. पडला, मॅडम. पाय झाडतोय.

सिरोंका : आस्करी पण अशीच पडली होती. आधी, नाक गळत होतं तेव्हा. चुलीपाशी. माझ्या बायकोने अंगावर पाणी ओतलं, मग उठली. मी म्हटलं, नाटकं करते.

डॉ. चेबेत : हा कुत्र्यांचा रोग आहे. डिस्टेंपर म्हणतात. माणसाला होत नाही, ती भीती नको. सिंहाला होतो. नाकातून, लाळेतून, एका मढ्यावर तोंड घातलं की. डोक्यात चढला की असं उडायला लागतं.

तिपापे : औषध?

डॉ. चेबेत : नाही.

तिपापे : पण जखम सुकलीय, मॅडम. मी रोज बघतोय. रोज थोडी थोडी सुकलीय.

डॉ. चेबेत : जखम बरी झाली, तिपापे. तुम्ही बरोबर बघत होतात. सिंह नाही बरा होणार.

सिरोंका : सबचीफ परत त्याच्याजवळ गेला.

डॉ. चेबेत : त्याला लांब करा.

तिपापे : कसा करू? उठतो, चार पावलं जातो, परत येतो. भाऊ आहे तो.

सिरोंका : तोंड पुसतोय त्याचं. फेस चाटून काढतोय.

डॉ. चेबेत : सिंहिणी आणि पिल्लं यांच्याजवळ आली होती का? आठवून सांगा. हा असा पडल्यापासून.

तिपापे : नाही. ती नाल्याच्या पलीकडे आहेत, झेब्र्यावर. काल आली तेव्हा हा गुरगुरला, तेव्हापासून लांब आहेत. नाकं कोरडी आहेत सगळ्यांची. खेळतायत.

डॉ. चेबेत : मग ती वाचवता येतील. माझं ऐका. मी लस घेऊन निघते, चांगल्या कुत्र्यांना टोचू. पण मी पोचेपर्यंत त्या भागातलं एकही कुत्रं सुटं दिसता कामा नये. आणि त्या झेब्र्याकडे तर अजिबात नाही. चीफपासून जे व्हायचं ते कदाचित फक्त सबचीफपर्यंत थांबेल. कुत्री तिथे पोचली तर पाचही पिल्लं हातची गेली. समजलं?

तिपापे : समजलं.

डॉ. चेबेत : सिरोंका?

सिरोंका : समजलं, बाई.

डॉ. चेबेत : निघते मी.

तिपापे : लाव घरी फोन. नोलारीवहिनीला सांग, आस्करीला बांध म्हणावं. मग लेरियोनकाला लावू, मग बाकीच्यांना.

सिरोंका : लावतोय. पाशे, आस्करीला मारतील का रे?

तिपापे : आधी बांधू तर दे.

सिरोंका : हॅलो. नोलारी, मीच. ऐक, आस्करीला दोरीने बांध. आत्ता. आणि शेजारच्या कुत्र्यांनाही बांधायला सांग. सिंहाला कुत्र्याचा रोग झालाय. हो, सिंहाला. चीफला. हसू नकोस. अगं, खरंच तो डोळा मारतोय. नोलारी. नोलारी, हसणं थांबव.

तिपापे : दे इकडे.

सिरोंका : तिपापे बोलतोय तुझ्याशी, थांब.

तिपापे : वहिनी, मी तिपापे. तो सांगतोय ते खरं आहे. नाही, मला त्याने शिकवलेलं नाही. डॉक्टर मॅडमनी सांगितलंय. नाही हो, कुठल्या डॉक्टरबाईचा आवाज काढत नाहीये तो. वहिनी, मागे पाद्र्यांच्या वेळचं सोडा. आज खरं आहे. वहिनी.

सिरोंका : काय म्हणाली?

तिपापे : हसतेय. म्हणते, तुम्ही दोघं म्हातारे व्हा आता.

सिरोंका : दे. नोलारी, मुलांची शपथ घेऊ? माझा आवाज ऐक. ऐकलास? हां. आता सांग, कुत्री कुठे आहे? काय? कधी? बाकीचीही? कुठल्या बाजूला? बरं. ठेव.

तिपापे : बांधतेय?

सिरोंका : घरी नाही ती. सकाळी नाल्याकडे गिधाडं उतरताना दिसली, तिकडे पळाली म्हणे. लेरियोनकाची मोठी कुत्री, विहिरीवरची, सगळी तिच्यामागे.

तिपापे : इंजिन बंद कर.

सिरोंका : केलं.

तिपापे : ऐकू येतंय?

सिरोंका : येतंय. सगळ्यांत पुढचं भुंकणं तिचंच आहे.

तिपापे : हॉर्न दाब, पाशे. दाबून धर. दचकतील, परत फिरतील.

सिरोंका : बाकीची फिरतील. ती नाही. या गाडीचा हॉर्न ऐकला की ती धावत येते. तिला वाटतं, मी घरी आलो.