चेनवाली पँट आणि पालखीचा खांदा

...नाय, पण तुम्हीच सांगा, माणसाला लागतं म्हणजे लागतं कुठं? नडगीला लागतं, टाचेत काटा जातो, भात कापताना विळा बोटावर बसतो, मग माणूस ओटीवर पाय पसरून बसतो, येणारा-जाणारा विचारतो, 'लागलं कुठं?', आणि आपण फडकं सोडून थाटात दाखवतो, वर चहा मिळतो. आणि माझं लागणं बघा, चांगलं रक्त आलेलं, डोळ्यांपुढं काजवे चमकलेले, आणि दाखवायची सोय नाय. सांगायची तर त्याहून नाय.

तुम्हाला सांगतो, सगळं त्या चांगूमुळं. चांगू म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, ठकूचा धाकटा भाऊ, मुंबईला गिरणीत असतो. शिमग्यासाठी आला, पोलादपूरला यष्टीतून उतरला तो थेट आमच्या वाडीवर, आणि ट्रंकेतून काय काढलं, तर पँट. 'दाजी, बटणांचा जमाना गेला, ह्याला चेन हाय, सर्रकन वर, सर्रकन खाली, एकदम फस्क्लास.' आता मी जन्माचा लंगोटीवाला, सणाला धोतर... पण म्हटलं हौसेनं आणलंय, घालून बघू. माजघरात गेलो, दार लावलं, पँट चढवली, तर आत लंगोटीचा गोळा होऊन मागं शेपूट फुटल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून लंगोटी सोडली आणि खुंटीला टांगली. चुकलो ते तिथं. मग चेन धरली, पोट आत घेतलं, आणि सर्रकन वर...

मी ओरडलो नाय. ठकू म्हणते ओरडलात, नदीपलीकडं ऐकू गेलं, पण मी ओरडलो नाय, आवाज आपला आपण निघाला. ती धावत आली, 'अवो, लागलं कुठं?' बघितलं, आणि तोंडात पदर कोंबून हसली, लग्नाची बायको, खांबाला धरून हसली. पण हसून झाल्यावर कामाला लागली हे खरं. मी चेन हिसकून सोडवायला गेलो तर हातावर चापट. 'गप उभे ऱ्हावा, ओढाल तर आणखी फाडाल.' पळीभर खोबरेल चेनीवर सोडलं आणि एकेक दात करत अशी हळूहळू खाली घेतली, की शेळीची गोचीडसुद्धा इतक्या मायेनं कुणी काढली नसेल. सुटलो. बघितलं तर तांदळाच्या दाण्याएवढं सालटं गेलेलं. एवढंच? एवढंच. स्वच्छ फडकं दाबून धरायला लावलं, रक्त थांबलं, आणि मग हुकूम सुटले. उकळून कोमट केलेल्या पाण्यानं दोन वेळा धुवायचं, टिपायचं, चोळायचं नाय, कोरडं ठेवायचं, सैल धोतर नेसायचं, आणि वर हळद नाय, चुना नाय, कसला पाला नाय. 'आणि सूज आली, पू झाला, लघवीला अडलं, तर लाज बाजूला ठेवून महाडला डाक्टरकडं जायचं.'

हे सगळं ठीक. पण पाच दिवसांवर पौर्णिमा, आणि पौर्णिमेला देवीची पालखी खांद्यावर नाचवायची. पुढला खांदा आमच्या घराचा, आज्यापासून, आणि मागला माझ्या चुलतभावाचा, मालोजीचा, ज्याला दहा वर्षं पुढला हवाय. आणि आमच्याकडं रीत अशी, की अंगावर ओली जखम असली तर खांदा द्यायचा नाय. गोमाजी गुरव पालखी उचलायच्या आधी एकेकाला विचारतो, 'लागलं कुठं काय?' आणि देवीपुढं खोटं बोलवत नाय. म्हणजे पाच दिवसांत सुकलं तर खांदा माझा, नाय तर मालोजीचा, आणि एकदा गेलेला मान परत येत नाय. मला सारखं आज्याचं तोंड दिसायला लागलं हो.

बरं, चालायचं कसं? पाय फाकून, चिखलणीत चालतो तसं. वाडी केवढी, बारा घरं, पण पाणवठ्यापर्यंत जाईतो चौघांनी विचारलं, 'हैबती, लागलं कुठं?' माझ्या तोंडून निघून गेलं, 'लागलं नाय, कंबरेत चमक भरलेय.' संपलं. चमक भरली की औषध काय ते सगळ्यांना ठाऊक, पायाळू माणसाची लाथ. जन्मताना जो पायांकडून आला त्यानं कंबरेवर लाथ मारायची, चमक पळते. आणि आमच्या वाडीत पायाळू कोण? एकच. मालोजी.

आमच्या चुलतीनं, बयाबाईनं, मला ओटीवर पालथा घातला. पालथा! तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतो ते? अख्खी वाडी गोळा. मालोजीला बोलावणं गेलं. खरं म्हणजे तो नाचत यायला हवा होता, दहा वर्षांनी लाथ मारायला मिळत होती. पण आला तो सावकाश, पाय फाकून, चिखलणीत चालतो तसा. चुलती म्हणाली, 'मार.' त्यानं पाय उचलला, जेमतेम चार बोटं, आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला. तो आवाज मी ओळखला. तसा आवाज कंबरेतून येत नाय. मी मान वळवून हळूच विचारलं, 'मालोजी, लागलं कुठं?' तो वाकून कानाशी आला, 'चांगूनं तुलापण दिली काय रे?'

दिली होती. चांगूचा डोळा मालोजीच्या मेहुणीवर, म्हणून एक पँट तिकडंही.

मालोजीनं अंगठा नुसता टेकवला, मी 'गेली, चमक गेली' म्हणत उठलो, चुलतीनं त्याच्या पायाला कुंकू लावलं. मग गोठ्याआड दोघं बोललो. त्यानं तर वर हळद-चुना थापलेला, नुसती आग आग. आता मी गप्प बसलो असतो तर? मागला खांदा दुसऱ्याकडं गेला असता, मालोजीची कायमची कटकट मिटली असती. पण रक्ताचा भाऊ शेवटी. ठकूचे हुकूम अक्षरन् अक्षर सांगितले, वर खोबरेलाची वाटी दिली.

पौर्णिमेच्या सकाळी माझी खपली पडली, त्याची पडली ती पालखी उचलायच्या घटकाभर आधी. गोमाजीनं विचारलं, 'लागलं कुठं काय?' दोघं एका दमात, 'नाय.' पालखी उचलली, ढोल घुमला, पण पाय ऐकतात का? कातडी नवी, भीती जुनी. पुढं मी फाकून नाचतोय, मागं मालोजी फाकून नाचतोय, पालखी अशी डुलली, अशी डुलली, की बायांनी हात जोडले, म्हाताऱ्यांनी डोळे टिपले, म्हणाले, देवीनं यंदा वेगळीच चाल दिली.

ह्याला आता चार वर्षं झाली. पँट नाचणीच्या शेतात बुजगावणं म्हणून उभी हाय, चांगूचं त्या मेहुणीशी लगीन झालं, मालोजी पुढल्या खांद्याचं नाव काढत नाय. आणि मी तर एकदम ठणठणीत. पण आता अख्खी वाडी शिमग्याला पाय फाकून नाचते, आणि गेल्या साली मी जरा सरळ नाचायला गेलो, तर भर पालखीत ढोल थांबला, आणि गोमाजीनं सगळ्यांदेखत विचारलं, 'हैबती, लागलं कुठं?'