नेट न्हाई, असं सांगायचं काम

मी मूळची ह्या भाजे गावचीच. लेण्यांकडं जायच्या वाटंला आईचं दुकान हाय, दुकान म्हंजी काय, ताडपत्री आन शेगडी, पावसाळ्यात भाजलेला मका आन एरवी लिंबू सरबत, काकडी. बाबा एका बंगल्यावर माळीकाम करत्यात. आमी बौद्धवाड्यातले, शिकायचं म्हंजी शिकायचंच हे घरात पहिल्यापासनं, म्हनून मी तळेगावला कॉलेज केलं. मला तुमच्यासारखं शुद्ध बी बोलता येतं बरं का, हापिसात बोलती मी, पन हितं आईच्या शेगडीपाशी बसून तसं बोलले तर तीच हसंल मला.

आता पुण्यात एका संस्थेत कामाला हाय, वरीस बी झालं नसंल. काम काय, तर खेड्यातल्या घरांना परवडंल असं इंटरनेट मिळावं म्हनून सरकारशी भांडायचं. संस्थेतल्या मॅडम म्हनत्यात भांडायचं न्हाई, पाठपुरावा करायचा. गावात सांगितलं पॉलिसीचं काम करती, तर भावकीतल्या दोघी इचारायला आल्या, ह्या पॉलिसीत पैसे कवा परत मिळत्यात. काय सांगू तुमाला.

तर आमची अडचन अशी. शनवार-ऐतवारी गावच्या धबधब्याला ही गर्दी येती, जो तो फोन वर करून व्हिडिओ काढतोय, टॉवर एकच, त्यो बिचारा किती जनांना पुरनार. आईनं दुकानात स्कॅनरचा कागद लावलाय, गिऱ्हाईक मका खातंय, फोन पुढं धरतंय, ते चाक नुसतं गोल गोल फिरतंय, मग म्हनतंय मावशी नंतर पाठवतो, आन जातंय. ते नंतर कवा उजाडत न्हाई. आन गंमत बघा, बंगल्यांना कंपनीनं वायर टाकली, ती खांबावरनं आमच्या घरांच्या डोक्यावरनं जाती. आमी मागितली तर म्हनले, तुमच्याकडं गिऱ्हाईक कमी, आमाला परवडत न्हाई. म्हंजी वायर आमी नुसती खालनं बघायची. ह्याचा मला लय राग येतो, आजून येतो.

मग सरकारी योजनेतनं स्वस्तातली लाइन द्यायला गावं निवडायची ठरली. मी वडगावच्या सरकारी हापिसात खेटे घालून आमच्या गावाचं नाव घालून घेतलं. पाहनी करायला एक साहेब आला आन मी नेमकी त्या दिवशी पुण्यात. मंगळवार दुपार, धबधब्याला बाहेरचं चिटपाखरू न्हाई. साहेबाला खुर्ची दिली, पोहे केले, चहा दिला. त्येनं इचारलं, नेट चालतं का गावात? आबा व्हते तितं, आबा म्हंजी वरच्या आळीतले जुने शेतकरी, गावात त्यांचा शब्द खाली पडत न्हाई. आबा म्हनले, व्हय, चालतंय की, आमच्यात कशाची कमी न्हाई. मग काय, एकानं म्हनलं की मागनं सगळे, व्हय व्हय. आई बी म्हनली व्हय. साहेबानं सोताचा फोन बघितला, मंगळवारची रेंज, फुल्ल. गेला लिहून, गावात सोय हाय.

मी वडगावला हापिसात गेले तवा कळलं. तितल्या बाई म्हनल्या, अगं तुमच्याच गावानं सांगितलंय, तू कुनासाठी भांडतीस? महिन्याच्या आत नेट न्हाई असा ग्रामसभेचा ठराव घेऊन ये, न्हाई तर नाव गेलं, परत कवा निघंल सांगता येनार न्हाई. मला रडू बी येईना.

घरी येऊन आईवर तोंड सोडलं. तर ती म्हनती, परक्या मानसापुढं घरातलं न्हाई कसं सांगायचं? पाव्हना आला आन साखर नसली तर शेजारनं आनून चहा करतो आपन, नसल्याचं सांगतो का? मी म्हनलं, आई, त्यो पाव्हना नव्हता, सरकारी मानूस व्हता. आई म्हनली, चहा पिला न्हवं का, मग पाव्हनाच.

मग दारोदार फिरले. सगळे मान हलवत्यात, पन पुढं यायला कोन तयार न्हाई. आबा तर म्हनले, पोरी, नातवाची सोयरीक चाललीय, वराळ्याची पोरगी हाय, घरी बसून कंपनीचं काम करती, आन गावानंच ठराव केला नेट न्हाई म्हनून, तर आमाला पोरगी कोन देईल? मी बी तापट. म्हनलं, आबा, आन लगीन करून आली आन तिचं काम बंद पडलं, तर तवा काय तुमच्या शब्दावर नेट चालनार हाय का? आबा तंबाखू मळत बसले. मला वाटलं, संपलं आता.

ग्रामसभेत सरपंच म्हनले, ज्यांच्या घरात अडचन हाय त्यांनी हात वर करा. एक हात न्हाई. एकमेकांकडं बघत्यात नुसते. आन मागनं आई उठली. जल्मात ग्रामसभेत तोंड उघडलं न्हाई तिनं. पदर सारखा केला आन म्हनली, माझ्या घरात न्हाई. ऐतवारी माझा धंदा बुडतो. साहेबापुढं मी व्हय म्हनले ते लाजंनं म्हनले. मग वळून म्हनली, आबा, तुमच्यात हाय का?

आबांना असं इचारायची गावात कुनाची टाप न्हाई, आमच्या वाड्यातनं तर न्हाईच न्हाई. मग आबा म्हनले, न्हाई. आन पयला हात त्यांनी वर केला.

ठराव झाला, पाहनी ऐतवारीच करा असं त्यात मुद्दाम घातलं, गावाचं नाव परत लागलं. वायर आजून आली न्हाई. मी दर सोमवारी वडगावला जाती, तितला शिपाई आता मला खुर्ची देतो. दुसऱ्या गावांत बी जाती, आन तितं बी हेच, साहेब आला की सगळं हाय म्हनत्यात, मग मी पयल्यांदा बायकांत जाऊन बसती.

मागल्या आठवड्यात वराळ्याची मानसं आबांकडं आलती. त्यांनी इचारलंच, नेटचं कसं हाय. आबा म्हनले, आमच्यात न्हाई, पन आनायला आमची पोर भांडतीया. आमची पोर म्हनले. आईनं मला ते दोनदा सांगितलं.

सोयरिकीचं उत्तर आजून न्हाई, हापिसाचं बी न्हाई. येऊ द्या कवा बी, मी हाय हितंच. तुमी चहा घेतल्याबगार उठू नका.