देवाची वाटी

ठकी : हात लावू नका म्हणता, मग काय मरताना नुसती बघू तिला?

तेजल : लांबूनच बघा, ठकीताई. हिची बहीण सकाळी गेली. हीही वाचेल असं वाटत नाही.

ठकी : एवढीशी वाघाटी, रानातली मांजर. घरच्या मांजरीच्या निम्मी नाय, पण फिसकारायची कशी! वाघाचीच जात. पुनवेला रानात सोडणार होतात ना?

तेजल : लसीचा दुसरा डोस झाला की. त्याआधीच आजार शिरला. पाळीव मांजरांचा आजार आहे हा. इथं आला कसा तेच कळत नाही. पाम गावातली सगळी मांजरं टोचली आपण.

ठकी : टोचली तर! पुंडलिकच्या बोक्यानं तुमचा हात फाडला, तेवा धरायला मीच होती.

तेजल : जाळी दुहेरी आहे. तुमच्याशिवाय आत कोणी जात नाही.

ठकी : मी जाते ती त्या औषधाच्या घमेल्यात पाय बुडवून. बघा, चप्पल पांढरी झाली. घरवाला सुका हसतो, म्हणतो, कारखान्यात लागलीस काय?

तेजल : तुमच्यावर संशय नाही माझा. घरची मांजर बरी आहे ना?

ठकी : ती बरी हाय. पिल्लं गेली.

तेजल : कधी?

ठकी : वाघबारसीच्या आधी. ओकली नि गेली, सगळीच.

तेजल : मला सांगितलं नाहीत?

ठकी : पिल्लं दरसाल मरतात, बाय. टोचायच्या वेळी तुमीच म्हणालात, लय लहान हायत, राहू द्या.

तेजल : हो. मीच म्हणाले.

ठकी : म्हणून तर वाघबारसीला वाघदेवाला बोलली, माझी नेलीस ती नेलीस, या पोरींना राख. कोंबडी दिली नि यांच्यापुढं वाटीभर दूध ठेवलं.

तेजल : कुठल्या वाटीत?

ठकी : घरच्या. पिल्लं प्यायची त्याच. राखेनं चांगली घासली.

तेजल : औषधात बुडवली?

ठकी : पाय बुडवले की. वाटी कशी बुडवू? त्या दिवशी ती देवाची.

तेजल : राखेनं जात नाहीत त्या आजाराचे जंतू, ठकीताई. साबणानंसुद्धा नाही.

ठकी : म्हणजे माझ्या हातून...

तेजल : पिल्लं टोचायची मीच सोडली होती.

(ठकी जाळीपासून दोन पावलं मागं सरते.)

ठकी : वाणगावला ठेवलेली वाघाट्यांची दुसरी जोडी हाय ना अजून? इथलं दुखणं तिथं जाऊ नये म्हणूनच लांब ठेवलीत.

तेजल : आता तेवढीच आहे. राखणीचा प्रदीप म्हणत होता, आज मांस तसंच पडलंय. पोट भरलं असेल... काय झालं?

ठकी : यांना दिलं नि त्यांना नाय, असं कसं करणार? टमटम धरून गेलेली मी.

तेजल : तीच वाटी?

ठकी : प्रदीपनंच दार उघडलं. दोघांनी चाटून लख्ख केली, बाय.